आतल्या खिशाचं माप

हर्नडन, व्हर्जिनिया
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप नीलांबरी मावशीस,

मी हॉस्टेलवर राहायला निघाले त्या सकाळी तू माझ्या सलवारीला आतून खिसा शिवलास आणि दातानं दोरा तोडता तोडता म्हणालीस, "पैसे आतल्या खिशात ठेव, भीती पण तिथंच ठेव, आणि जड व्हायला लागली की मला कळव." तेव्हा माझं लक्ष बाहेर थांबलेल्या रिक्षाकडे होतं. आज कळवते आहे. जड झाली आहे.

आता रीतीप्रमाणे गिरिजाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायला सोपा आहे. खरोखर घातला तर मला उठवायला तुलाच यावं लागेल.) तुझा गुडघा कसा आहे? मशीनचा पट्टा बदललास, की अजून सुतळी बांधून चालवतेस? शिवणक्लासच्या मुली कटोरी ब्लाउजपर्यंत पोचल्या का? मांजरीला या खेपेला किती पिल्लं झाली आणि तू त्यातली किती "देणार आहे" म्हणत ठेवून घेतलीस? इकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य हाताच्या सवयीनं आलं. तुला खाडाखोड आवडत नाही म्हणून राहू देते, पण विश्वास ठेवू नकोस. फोनवर तू "बरी आहेस ना" विचारतेस आणि मी "हो" म्हणते, तेही याच जातीचं. म्हणून तर पत्र लिहायला बसले.)

तर मावशी, मी पिस्तूल घ्यायला निघाले आहे. खाली बस. उभ्यानं वाचू नकोस.

यतीनच्या कंपनीनं त्याला बेलव्ह्यूच्या ऑफिसात बोलावून घेतलं, हे तुला माहीत आहे. ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, हे मी तुला नीट सांगितलं नव्हतं. तो महिन्यातून एकदा येतो, मुक्कामभर झोपतो आणि माझ्याच हातचे लाडू घेऊन परत जातो. केया कॉलेजात. घरात मी, आणि एक फ्रीज, जो मधूनच उसासा टाकतो. अशात गेल्या महिन्यात तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावत होते आणि मागच्या अंगणाच्या काचेच्या दाराला कुणीतरी धडक दिली. मग घासल्यासारखा आवाज. मग पुन्हा धडक. मी समई हातात घेऊन जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसले. (पेटती. आग लागली असती. पण अंधारात बसायचं धाडस नव्हतं.) थोड्या वेळानं बाहेर आले तर कुणी नव्हतं, फक्त कढीपत्त्याची कुंडी आडवी पडली होती. तेव्हापासून मी घरात असते तेव्हा घर ऐकत असते, दुसरं काही करत नाही.

हे मी समोरच्या आश्लेषाला सांगितलं. ती नागपूरची. काळजी वाटली की रागावते आणि राग आला की खायला घालते. म्हणाली, "अगं यार गिरिजा, त्यात काय रडायचं! छोटंसं पिस्तूल घे, परवाना काढ, जवळ ठेव. माझ्याकडे आहे ना दोन वर्षांपासून!" मला आधी विश्वासच बसेना. मग आठवलं, की दोन वर्षांत मी तिच्याकडे दोनदा हळदीकुंकवाला जाऊन आले. म्हणजे ती वाकून माझ्या कपाळाला कुंकू लावत होती तेव्हा तिच्या कमरेला ते होतं. मी म्हटलं, काही दिसलं नाही गं. ती म्हणाली, "नाहीच दिसत. तेच तर शिकायचं असतं."

त्याच शनिवारी ती मला दुकानात घेऊन गेली. मावशी, काचेच्या पेटीत ती पिस्तुलं अशी मांडलेली होती जशी आपल्याकडे चांदीची भांडी मांडतात, आणि तो दाढीवाला विक्रेता इतका मऊ बोलत होता, की मला वाटलं आता चहा मागवेल. मी सांगितलं, लहान हवं, लपणारं हवं आणि परवडणारं हवं. त्यानं एक काढलं. मी म्हटलं, अजून दाखवा. त्यानं दुसरं काढलं. मी म्हटलं, यातच, जरा कमीतलं? शेवटी गादीवर पदर पसरून ठेवावेत तशी पाच-सहा पिस्तुलं काउंटरवर जमली आणि मी प्रत्येक उलटं करून आतून शिवण कशी आहे बघायला लागले. (तुझी शिकवण. वरून काय, कुणीही छान करतं.) आश्लेषा कानाशी पुटपुटली, "त्याला दोन पिस्तुलांवर एक ब्लाउजपीस मागू नकोस म्हणजे झालं."

पण त्या माणसानं एक गोष्ट समजावली ती मला फार पटली. मी सगळ्यांत लहान आणि हलकं पिस्तूल हातात धरून बसले होते, खिशात मावेल असं, स्वस्तही. तो म्हणाला, नव्या माणसानं हे घेऊ नये. लहान आणि हलकं पिस्तूल उडताना हाताला जास्त हिसका देतं, एकदा उडवलं की पुन्हा सराव करावासा वाटत नाही आणि मग ते नुसतंच कपाटात पडून राहतं. थोडं जाड, थोडं जड घ्या, ते धक्का स्वतः सोसतं. मला हसू आलं. ते लहानसं हलकंसं म्हणजे हुबेहूब तू, आणि ते थोराड, सगळं स्वतः सोसणारं म्हणजे आपले राजाराम काका. काका गेल्यापासून तुझा हिसका कोण सोसतं गं? शिवणक्लासच्या मुली?

मग वरचा भाग मागे ओढून बघायचा असतो. तो मला ओढताच येईना. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसावं तसा. तो म्हणाला, नुसतं एका हातानं ओढू नका, दुसऱ्या हातानं मूठ पुढे ढकला. तसं केलं आणि निघालं. मी इतकी खूश झाले, की तिथल्या तिथे तेच घेणार होते, पण आश्लेषा म्हणाली, आधी चालवून बघ, साडी आहे का ती?

म्हणून मग सरावाच्या ठिकाणी गेलो. कानावर टोप्या, डोळ्यांवर चष्मा, त्याखाली माझा चष्मा. शिकवणारा डग नावाचा उंच, लालबुंद, अतिशय सावध मनुष्य. त्यानं भाड्याचं पिस्तूल समोरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, तयार झालात की उचला. आणि मावशी, मी काय केलं असेल? पिस्तुलाला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला. नव्या मशीनला लावतो, दसऱ्याला कात्रीला लावतो, तसा. मनात काही नव्हतं, हातच गेला. डगला वाटलं माझ्या डोळ्यात काहीतरी उडालं. तो असा ओरडला, की सगळी रांग थांबली, सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली आणि माझ्या पापण्या उलट्या करून बघायला दोन माणसं धावली. आश्लेषानं सांगितलं, "शी इज जस्ट सेइंग हॅलो टु इट." त्यानंतर डग माझ्याशी जरा हळू बोलायला लागला, देवळातल्यासारखा.

मी पाच गोळ्या झाडल्या. एक कागदाला लागली. (शेजारच्या माणसाच्या.)

खरी पंचाईत पुढे झाली. डग म्हणाला, पिस्तूल निवडणं सोपं, ते अंगावर बाळगणं अवघड. इथल्या लोकांच्या कमरेला जाड चामड्याचा पट्टा असतो, त्याला ते अडकतं. माझ्या कमरेला नाडी. पर्समध्ये ठेवावं म्हटलं तर तो म्हणाला, काढून दाखवा. आश्लेषानं मला सरावाला एक निळं रबरी पिस्तूल दिलं होतं, ज्यातून काहीच उडत नाही. ते पर्समधून काढायला गेले तर आधी छत्री निघाली, मग बडीशेपेची डबी, मग तीन चष्मे, मग यतीनचा एक मोजा. चोर तोवर कंटाळून घरी गेला असता.

तरी हिंमत न सोडता ते निळं पिस्तूल मी आठवडाभर घरात नाडीला अडकवून फिरले. सवय व्हावी म्हणून. पहिल्या दिवशी ते तांदळाच्या डब्यात पडलं. दुसऱ्या दिवशी वाकून केर काढताना पिस्तूल जागेवर राहिलं आणि सलवार खाली गेली. खंडेनवमीला मी ते कात्री, सुऱ्या आणि मिक्सरसोबत पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि केयाला व्हिडिओ कॉलवर पूजा दाखवली. तिनं मला फोन पाटाच्या अजून जवळ न्यायला लावला. मग म्हणाली, "मॉम, आर यू ओके? लाइक, रिअली ओके?" मी म्हटलं, हो. बघ, तुझ्याशी बोलते तसंच. तिनं फोन ठेवला नाही, नुसती बघत राहिली.

तिचं ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पूजा आटोपून मी पाटासमोर बसून होते. फूल निळ्या रबरावरून घसरत होतं आणि मी ते परत परत वर ठेवत होते. मनात आलं, की समजा आलाच कुणी, तर मी त्याच्यावर हे रोखीन का? मला तर झुरळ मारायचं असलं तरी यतीनला हाक मारायची सवय. आणि जे मला दिवसभर ऐकू येतं ते रोखण्यासारखं नाहीच. ते दाराबाहेर नसतं, मावशी. पण आश्लेषाला हे कसं सांगू? तिनं किती प्रेमानं धावपळ केली. शिवाय पुढच्या शनिवारी दुकानात जायचं ठरलं आहे.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. मला दोन कुर्ते शिवून पाठव, उजव्या बाजूला आतून खिसा असलेले, पूर्वीसारखा, वरून कुणाला पत्ता लागणार नाही असा. माप पुठ्ठ्यावर काढून सोबत ठेवलं आहे. कापड जाड घे. काय ठेवायचं ते क्लासच्या मुलींना सांगू नकोस, मोबाइल म्हण.

तुझी,
गिरिजा

ता. क. पत्र बंद करणार, तेवढ्यात तिन्हीसांजेची तीच धडक झाली. या वेळी मी कपाटात गेले नाही. निळं पिस्तूल दोन्ही हातांत धरून, डगनं शिकवलं तसे पाय फाकवून, पडदा बाजूला केला. हरीण. भलंमोठं, ओलसर डोळ्यांचं हरीण, तोंडात माझा कढीपत्ता, आणि चावताना त्याचं ढुंगण दाराला लागत होतं. आम्ही बराच वेळ एकमेकांकडे बघितलं. मग मी पिस्तूल खाली केलं आणि ते निवांत उरलेली फांदी खाऊन गेलं. (तू लावायला शिकवलेलाच तो कढीपत्ता. आता काड्या उरल्या आहेत.)

ता. क. दुसरा. आश्लेषाला आत्ताच फोन करून शनिवारचं कॅन्सल केलं. मला वाटलं रागावेल. म्हणाली, "बरं झालं. तुझा नेम बघून मलाच भीती वाटत होती. सांबारवडी केलीये, ये." मी जाऊन ती नागपुरी कोथिंबीरवडी खाऊन आले. परत आले तर घर तसंच होतं. फ्रीजनं उसासा टाकला.

ता. क. शेवटचा. पुठ्ठ्याचं माप फेकून दे. तरी खिसा मला हवा आहे, आणि तो तू पोस्टानं पाठवू नकोस. तुझा व्हिसा पासपोर्टात तसाच पडून आहे, मला माहीत आहे. तू काय म्हणशील तेही माहीत आहे: लग्नसराईचे ब्लाउज, मांजरीची पिल्लं, विमानात सुजणारे पाय, आणि "मी तिथं येऊन करू काय". काहीच करू नकोस. नुसती खिडकीपाशी बसून माझं एक काम शिव, म्हणजे घरात मशीनचा आवाज होईल आणि मला दुसरं काही ऐकू येणार नाही. सहा महिने नको, तीनच. येतेस?