प्रकाशाची शेड

३ मार्च, सकाळी
आजपासून ध्यान. मोबाईलवरच्या बाई सांगतात, डोळे मिटा, डोक्यातून सोनेरी प्रकाश आत उतरतोय अशी कल्पना करा, आवडत्या माणसाला हसताना बघा. मूड सुधारतो म्हणे. बाबा हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून माझा पार गेलाय. आधी मन घट्ट करायचं, मग भेटायला जायचं. रडवेलं तोंड पाहून पेशंट खचतो. हे शास्त्रीय आहे.

४ मार्च
सोनेरी म्हणजे नेमका कुठला, ते बाई सांगत नाहीत. रंगांचं दुकान चालवणाऱ्याने अशा मोघम ऑर्डरवर काय करावं? शेडकार्ड घेऊन गोडाऊनमध्ये बसलो. पहिली शेड भडक निघाली. अंगभर कावीळ उतरल्यासारखं वाटलं.

६ मार्च, संध्याकाळी
शेड सापडली! बाबा दिसले. शिडीवर चढून वरचे डबे काढतायत, हसतायत, ठणठणीत. तेवढ्यात ताईचा फोन. बाबा विचारतायत, कधी येतोस. म्हटलं, मी इथूनच त्यांच्यासाठी प्रयत्न करतोय. तिने फोन आपटला. निगेटिव्ह स्वभाव, दुसरं काय.

९ मार्च
आज गेलोच होतो. वॉर्डाच्या दारापर्यंत. आतल्या भिंतींना तो मळकट हिरवा. त्या हिरव्यात बाबांना एकदा पाहिलं की शिडीवरचे बाबा पुसले जाणार, सगळी मेहनत पाण्यात. परत फिरलो. घाबरून नव्हे. बायको म्हणाली, डोळे मिटायला रात्र आहे, दिवसा जरा उघडे ठेवा.

११ मार्च
बाबांचं खाणं सुटलंय, असं ताई म्हणते. ध्यानात माझ्यासमोर तर पोटभर जेवले. उद्या नक्की जाणार. फक्त सकाळचं ध्यान उरकून.

१२ मार्च
ध्यान छान लागलं होतं. फोन सायलेंटवर. डोळे उघडले तर ताईचे मिस्ड कॉल.
बाबा गेले.

१५ मार्च
ताई आज माझ्याशी बोलली. बाबा शेवटी तिलाच रागवायचे म्हणे. त्याला सारखे फोन करू नकोस, संध्याकाळी दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड असते, एकटं पोरगं कुठे कुठे पुरणार. शेजारच्या पेशंटलाही कौतुकाने हेच सांगायचे. त्या वेळी मी अर्धं शटर ओढून गोडाऊनमध्ये बसलेला असायचो.
खरंच एवढी गर्दी असायची का रे, असं ताईने विचारलं.
हो म्हणालो.