ठमीचा प्रस्ताव, ताईचं मत

४ जुलै

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

उभी असशील तर आधी बस. आमच्या विद्यापीठात नर्सिंगची पीएच.डी. सुरू व्हायची चिन्हं आहेत! वित्त अधिकारी अडून बसले होते. नर्सेसनी कसलं संशोधन करायचं, म्हणे. मी त्यांना सरळ वॉर्डात नेलं, रिकाम्या खाटेवर निजवलं आणि कूस न बदलता पडून राहा म्हणून सांगितलं. अर्ध्या तासात साहेब रडकुंडीला आले. मग म्हटलं, उठता न येणाऱ्या पेशंटला किती वेळानं वळवलं म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, हेच आम्हाला शोधायचंय. खाली उतरून त्यांनी स्वतः कुलगुरूंना फोन लावला.

आता माझ्या प्रस्तावावर बाहेरच्या एका तज्ज्ञाचं मत आलं की महिनाअखेरच्या बैठकीत मंजुरी. त्यानंतर हे कुलगुरू निवृत्त होतात, आणि पुढचे नर्सिंगचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. म्हणून देव पाण्यात घालून बसलेय. भावोजींना नमस्कार सांग. गुडघा कसा आहे?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठमी

११ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. मनापासून लिहायला बसले होते, पण मेलं मन येतच नाही. खाटेवर निजवायची ती युक्ती कुणाची गं? तू नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना तुला तसं निजवून रडवलं होतं ते मीच ना? आणि माझा असाच प्रस्ताव? आमच्या विद्यापीठात तीनदा गेला, तीनदा परत आला. मी आपली टिपणं खरडत बसले. साहेबाला उचलून खाटेवर टाकायचं काही सुचलं नाही. तुझं पत्र वाचून जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? तुझे भावोजी म्हणाले, चहात साखर नाही. म्हटलं, आज मिळायचीही नाही.

आता पुढचं ऐक. तुझा प्रस्ताव मत द्यायला माझ्याचकडे आलाय! माझं सासरचं आडनाव पाहून तुमच्या कचेरीला आपण बहिणी असल्याचा पत्ताच लागलेला नाही. बघते काय करायचं ते.

जीव लावतेस तेवढा लावत राहा.
ताई

१५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. अगं, चार ओळी खरडून पाठवून टाक की! नातं कोण विचारतंय? हवं तर चुका काढ, युक्तीचं श्रेय घे, मला चार शिव्या घाल, पण लवकर पाठव. इथे माझा जीव टांगणीला लागलाय.

रागावलीस तरी माझीच राहा.
ठमी

३० जुलै

ताई,

बैठकीच्या आदल्या दिवशी तुझं उत्तर आलं. प्रस्ताव सख्ख्या बहिणीचा असल्यामुळे मत देता येत नाही, म्हणून. दुसरा तज्ज्ञ एका रात्रीत कुठून आणणार? विषय बारगळला. कुलगुरू उद्या चालले.

तू नियमानं वागलीस, कुणी बोट ठेवणार नाही. खरडून टाक म्हणणारी मीच चुकले, तेही मान्य. पण मग हे पहिल्याच दिवशी कळवायला काय झालं होतं? एवढंच सांग.

ठमी

६ ऑगस्ट

चि. ठमीस,
आशीर्वाद.

विचारलंस, म्हणून सांगते. प्रस्ताव आला त्याच दिवशी मी वाचून काढला. वाईट असेल, अशी आशा होती गं. पानापानावर चुका शोधल्या. धड एक सापडेना. माझ्या तिन्ही वेळच्या प्रस्तावापेक्षा चांगला निघाला. मान्य करावा, एवढंच लिहायचं होतं. रोज पेन घेऊन बसायची आणि रोज हात आखडायचा. मग तो नियम आठवला आणि मला हायसं वाटलं.

प्रस्ताव टाकाऊ असता ना ठमे, तर तू माझी बहीण आहेस हे मी त्यांना सांगितलंही नसतं.

लोभ असावा, असं लिहायला आज तोंड नाही.
ताई