बर्फाखालच्या तळ्याचा गाळ आणि राजूरचे घर

मी, सुमन कारभारी जगधने, वय बासष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, धर्माने बौद्ध, राहणार राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी शुद्ध शाबूत आहे, तसा दाखला डॉ. विजया मुळे यांनी दिला आहे. कर्करोग पोटात आहे, तो डोक्यापर्यंत गेलेला नाही. हे कोणी माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. उलट एक-दोन माणसांना हे लिहिले जाऊ नये असेच वाटत असेल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायला उसंत मिळेल असे दिसत नाही.

कलम १. माझे पती कालकथित कारभारी हे भंडारदरा धरणावर पाण्याची पातळी मोजण्याच्या कामावर होते. ते १९८४ साली वारले. आम्हाला एकच मुलगा, सम्राट. तो १९९२ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकावर वारला. त्याची पत्नी यशोधरा व मुलगी सायली या हयात आहेत. माझे दीर रंगनाथ सोनई येथे राहतात.

कलम २. राजूर येथील माझे कौलारू घर, मागची मोरी व पुढचे अंगण यांसह, मी माझ्या पगारातून बांधलेले आहे. त्यात वडिलोपार्जित काही नाही. हे घर मी माझी सून यशोधरा हिला संपूर्ण मालकी हक्काने देते. ती आता माझी सून राहिली नाही असे रंगनाथ म्हणतात, म्हणून 'सून' हा शब्द मी येथे विचार करून लिहिला आहे.

सम्राट गेला तेव्हा यशोधरा सत्तावीस वर्षांची होती आणि सायली तीन वर्षांची. यशोधरा अकोल्याला नर्स आहे. दोन वर्षे ती एस.टी.ने ये-जा करत माझ्याजवळ राहिली. आम्ही एकाच खोलीत जेवायचो आणि एकमेकींच्या ताटाकडे बघायचो, तोंडाकडे नाही. तिच्या दवाखान्यातल्या गोरक्ष या कंपाउंडरने तिला मागणी घातली आणि तिने नकार दिला, हे मला बाहेरून कळले.

"नाही का म्हणालीस?" मी विचारले.

"तुम्ही एकट्या पडाल, आई."

"मी आत्ताही एकटीच आहे. तू इथं बसून राहिलीस म्हणून ते कमी होत नाही."

बोलणे कठोर होते. पण तेवढे बोलल्याशिवाय ती उठली नसती. तिचे लग्न मी याच अंगणात लावून दिले. त्या दिवशी रंगनाथ मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, पोरगी परक्याची झाली. घर जगधन्यांचं राहू द्या." त्याआधी सम्राटच्या अंत्यविधीच्या वेळी ते तिला पांढऱ्या पायाची म्हणाले होते. छप्पन साली आमच्या घरांनी असले विचार टाकून दिले असे मी समजत होते. ते शब्द यशोधराने ऐकले होते. मी त्या वेळी काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, आज आहे.

कलम ३. सोनई येथील जमिनीत माझ्या पतीच्या वाटणीचा जो काही हिस्सा असेल, तो मी रंगनाथ यांना देते. मला त्यातले काही नको. मात्र त्यांनी राजूरच्या घराबाबत कोणत्याही कोर्टात वा भावकीत हरकत घेतली, तर हे कलम रद्द समजावे व तो हिस्सा सायलीला मिळावा.

कलम ४. पुढचे कळावे म्हणून सम्राटचे काम थोडे सांगावे लागेल. तो भूशास्त्रज्ञ होता. मुलगा काय करतो, असे कोणी विचारले की मी सांगे, गाळ तपासतो. लोक विचारत, "धरणातला का?" वडील धरणावर असल्यामुळे ते साहजिकच होते. मलाही आधी नीट कळत नव्हते. जाण्यापूर्वीच्या सुट्टीत त्याने मला समजावून सांगितले.

"आई, तिथं एके काळी सगळ्यावर बर्फाचा जाड थर होता. तळी त्याच्याखाली गाडलेली. मग बर्फ मागं सरकला आणि ती उघडी पडली. तळाचा गाळ उभ्या नळीत काढला की सगळं क्रमानं दिसतं. खाली राखाडी माती, म्हणजे बर्फानं दळलेला दगड. तिच्यात जीव नाही. वर हिरवट थर, शेवाळाचे. जिथं राखाडी संपतं तिथं बर्फ गेला."

"ते कळून काय करायचं?"

"बर्फ केव्हा गेला, किती झपाट्यानं गेला ते कळतं. मग पुढं काय होणार त्याचा अंदाज येतो."

"त्यासाठी तूच जायला पाहिजे का?"

"गाळ इकडं येत नाही ना," असे म्हणून तो हसला आणि सायलीला खांद्यावर घेऊन बाजारात गेला. त्याच्याशी माझे निवांत बोलणे झाले ते एवढेच शेवटचे.

कलम ५. हे कलम मिळकतीचे नाही. वकिलांनी ते काढून टाकायला सुचवले होते. मी ते ठेवते आहे.

गोव्याच्या बंदरात जहाज आले, त्यातून दोन लांबट पेट्या उतरल्या. दोन्ही गार ठेवलेल्या. एकीत माझा मुलगा होता, दुसरीत त्याने काढलेला गाळ. गाळाची पेटी पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली, माझी पेटी राजूरला आली. प्रवरेच्या काठी आम्ही त्याला अग्नी दिला.

पुढे सम्राटच्या खात्याचा अहवाल आला. मृताने सूचना न पाळता, स्वतःच्या जबाबदारीवर, कडेच्या पातळ बर्फावर पाऊल टाकले, असे त्यात होते. खाली पथकप्रमुख श्री. यज्ञेश्वर निसळ यांची सही होती. सम्राट दुसरीला माझ्याच वर्गात होता. अक्षर वाईट म्हणून मी त्याच्या हातावर पट्टी मारलेली आहे, पण सांगितलेले ऐकले नाही म्हणून कधी मारावी लागली नाही. तो अहवाल मला खरा वाटला नाही. मी खात्याला अनेकदा लिहिले. प्रत्येक वेळी प्रकरण निकाली निघाल्याचे उत्तर आले.

१९९४ साली दुपारच्या वेळी शाळेतली आमची जुनी शिपाई छबूबाई धावत आली. "बाई, पुन्याचं कोन आल्यात. चपला काडून हुबे हायेत, आत या म्हनलं तर येत न्हाईत."

ते निसळ होते. शेवटी ओसरीवर बसले आणि खाली बघत बोलले. त्यांनी सांगितले ते असे. मोसम संपत आला होता. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर त्यांना परत नेणार होते. एका तळ्याच्या मधोमध बर्फाला भोक पाडून शेवटची नळी काढायची राहिली होती. सम्राट म्हणाला, "सर, कडेला पाणी सुटलंय. हे तळं पुढच्या वर्षावर टाकू." तरीही दोघे गेले. नळी निघाली, चांगली निघाली. परतताना कडेचा बर्फ खचला आणि सम्राट छातीपर्यंत पाण्यात गेला. निसळांनी त्याला ओढून बाहेर काढले, तंबूत नेले, त्याच्या अंगावर स्वतःचे कोरडे कपडे चढवले. वारा सुटला होता, हेलिकॉप्टर येऊ शकले नाही. सम्राट थरथरायचा थांबला तेव्हा निसळांना वाटले, ऊब आली. थरथर थांबणे हे वाईट लक्षण असते, हे त्यांना माहीत होते, पण त्या वेळी आठवले नाही.

"तो काही बोलला?" मी विचारले.

"नळी आडवी करू नका म्हणाला. वरचा थर फार मऊ असतो, हलतो म्हणून."

"दुसरं?"

"दुसरं नाही, बाई."

माझ्यासाठी एखादा शब्द बनवून सांगणे त्यांना सोपे होते. तो त्यांनी सांगितला नाही, याची मी नोंद करते.

मी म्हणाले, "हे खात्याला लिहून द्या."

"आता त्याचा काय उपयोग?"

"तुम्हाला नसेल. मला आहे."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची आहे असे मी समजले. चहा तसाच ठेवून ते गेले. खात्याला त्यांनी काही लिहिले नाही.

दोन वर्षांनी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. मी यशोधराला घेऊन गेले. टेबलावर ती नळी उभी चिरून ठेवली होती. सम्राटने सांगितले होते तसेच सगळे, खाली राखाडी, वर हिरवट. मधली सीमा नखाएवढ्या जागेत होती. तेवढ्यात बर्फ गेला आणि जीव आला, असे निसळ म्हणाले. दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. वरचा मऊ थर जसाच्या तसा टिकला होता, असा नमुना त्यांच्याकडे दुसरा नव्हता.

"सम्राट गेला त्या वर्षाचा थर कुठला?" यशोधराने विचारले.

"तो यात नाही. तो नंतर बसला. तिथं तळाशी असेल."

यशोधरा बाहेर जाऊन व्हरांड्यात बसली. मी गाळावर बोट ठेवले. गार लागला. आणखी काही वाटेल म्हणून थोडा वेळ थांबले, वाटले नाही. या कामावर पुढे जो लेख छापून आला, त्यावर सम्राटचे नाव पहिले आहे. अहवाल मात्र होता तसाच आहे.

सम्राट नको म्हणत असतानाही तळ्यावर जायचे, असे कोणी ठरवले, हे मला माहीत आहे. ते मी लिहीत नाही. ज्याने लिहायचे त्याच्यासाठी साक्षीदारांत जागा सोडली आहे.

कलम ६. सम्राटचा सूक्ष्मदर्शक आणि निसळांनी दिलेली राखाडी गाळाची काचेची कुपी सायलीला द्यावी. कुपी बुद्धमूर्तीजवळ ठेवू नये, तिला हार-फूल करू नये. सायलीला वाटले तर तिने ती फोडून तपासावी, कंटाळा आला तर टाकून द्यावी. तिला भूशास्त्रच शिकायला लावू नये. शिकायचे म्हणाली तर अडवू नये.

कलम ७. पोस्टातली शिल्लक सायलीच्या शिक्षणासाठी. माझी पुस्तके राजूरच्या शाळेला. शिलाई मशीन छबूबाईचे. पण साक्षीदाराला मृत्युपत्राने काही घेता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून मशीन मी गेल्या आठवड्यातच बैलगाडीत घालून तिच्या दारी पाठवले. ती भांडली. मशीन परत आले नाही.

कलम ८. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, कमी माणसांत व्हावा. मोठ्याने रडणाऱ्यांना बोलावू नये. या पत्राची अंमलबजावणी यशोधराने करावी.

कलम ९. श्री. निसळ यांना मी काही देत नाही. त्यांना मी क्षमा केली आहे असा अर्थ कोणी काढू नये, सूड घेते आहे असाही काढू नये. काल त्यांना बोलावून हा मजकूर वाचायला दिला. ते आता निवृत्त आहेत. वाचून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवले.

"हे कचेरीत नोंदवणार?"

"हो. कायमचं राहील. माझी नात पुढं कधीही नक्कल मागू शकेल."

"माझ्या घरच्यांना यातलं काही माहीत नाही, बाई."

"माझ्या घरच्यांना खोटं माहीत आहे."

ते उठले आणि एस.टी. स्टँडकडे गेले. उद्या अकोल्याच्या कचेरीत सहीला येतील की नाही, सांगता येत नाही. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, ते माझ्याकडे आहेत. ते आले नाहीत तर तिसरी जागा कोरी राहू द्यावी, तिथे दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये.

येणेप्रमाणे माझी इच्छा. वाचून पाहिली, बरोबर आहे.

सही : सुमन कारभारी जगधने

आमच्या समक्ष सुमनबाईंनी सही केली :

१. छबूबाई भीमा घाणे, राजूर (सही. ही सही करायला बाईंनीच शिकवली.)

२. डॉ. विजया मुळे, राजूर (सही)

३. यज्ञेश्वर विनायक निसळ, पुणे (सही)
कलम ५ वाचले. घडले ते असेच. जायचे मी ठरवले. सम्राट नको म्हणाला होता.

स्थळ : अकोले
दिनांक : ११ डिसेंबर १९९८