गेटवर जमा केलेला फोन

अहो,

वरण कुकरमध्ये आहे, भात तेवढा लावून घ्या. मी शैलजाताईकडे सिव्हिल लाइन्सला जाऊन राहिली. आज रात्री तिथेच राहीन.

ड्यूटीवर फोन गेटवर जमा करावा लागतो, असं लग्नापासून सांगता. म्हणून मी दिवसा कधी मेसेजही करत नाही. मग काल दुपारी तुम्ही ऑनलाइन काहून दिसत होते? आजही दिसले, चांगला अर्धा तास. विचारलं तर हसाल आणि फोन पालथा ठेवाल, म्हणून विचारत नाही.

माझा फोन फ्रिजवर आहे, लॉक काढलेला. खुशाल बघा. दिवसभर त्यात एकच नाव उघडं असतं, तुमचं.

दीपा