लेकीची जिन

शनिवार, इंद्रपुरी

श्रीकांत खोटं बोलतोय, असं दुपारपासून वाटत होतं. आमच्या मुग्धानं गोव्याहून स्वतः बनवलेली पहिली जिन पाठवली. घोट घेऊन हा तिला फोनवर म्हणाला, "वा, संत्र्याची साल, मग लिंबू." पण त्याआधी चष्मा लावून बाटलीवरचं लेबल वाचलं होतं. चव कळायला लेबल कशाला? परवा दूध करपलं, तेव्हाही हा शेजारीच बसून होता.

संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्या ग्लासात जिनऐवजी कपाटातली साधी व्होडका ओतली. असं करायला नको होतं का? पुन्हा लेबलकडे बघत तो म्हणाला, "संत्रं छान लागतंय."

मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "गेल्या महिन्यातल्या त्या तापापासून वासच येत नाही, सुमे. मुग्धाला सांगू नकोस. फार राबलीय ती यासाठी."

म्हणजे माझ्या आमटीचं कौतुकही असंच? राग आला, रडूही आलं.

मग मी जिन घेतली आणि एकेका घोटासरशी त्याला सांगत गेले. आधी नागपुरी संत्रं सोलताना उडतो तो तुषार, मग ईडलिंबाचा कडवटपणा, शेवटी किंचित धने. तो डोळे मिटून ऐकत होता.

"परत सांग," म्हणाला.