बारा गाईंच्या पंगतीत केलेल्या वाटपाबाबत

प्रति,
मा. श्री. योगेंद्र देवपुजारी साहेब,
प्रभारी अधिकारी,
पशुआहार प्रयोग केंद्र, जबलपूर.

विषय : तणीस-पावडर प्रयोग माझ्यामुळे बिघडल्याची कबुली व तो पुन्हा घेण्याची विनंती.
संदर्भ : ‘पावडरचा उपयोग दिसून आला नाही’ हा आपला दि. १० मार्चचा अहवाल.

महोदय,

कार्यालयाचा पत्रव्यवहार हिंदीत चालतो, हे मी जाणतो. परंतु कबुली मला हिंदीत साधेना, आणि आपणही घरी मराठीच बोलता, म्हणून ही धिटाई.

१. मी येथे एकोणीस वर्षे गोठा परिचर आहे. संशोधक प्रणाली मॅडमच्या प्रयोगात बारा गाई एका रांगेत बांधल्या होत्या. खायला सर्वांना धानाची तणीस, म्हणजे वाळलेला पेंढा. ती नीट पचावी म्हणून पहिल्या सहाजणींना कोंड्यातून रोज वीस ग्रॅम पावडर, उरलेल्या सहाजणींना नुसता कोंडा. फरक किती पडतो, एवढेच पाहायचे होते.

२. चार दिवस मी आदेशाप्रमाणे वागलो. पाचव्या दिवशी सात नंबरच्या गाईने दावे ताणून शेजारणीच्या गव्हाणीत जीभ घातली. पावडरला गुळाचा वास येतो, साहेब. पंक्तिप्रपंच करणाऱ्याला माझी आई वाढायलाच उठू देत नसे. माझा हात पुढे जाईना. मी बाराही जणींना दहा-दहा ग्रॅम वाढले, आणि नव्वदाव्या दिवसापर्यंत तसेच वाढत राहिलो. नोंदवहीत मात्र वीस आणि शून्य लिहून सही केली.

३. साहजिकच सगळ्यांचे पचन सारखे निघाले. मॅडमनी शेण तीन-तीनदा तोलले. “काका, आकडे सारखेच येऊन राहिले, काहून?” असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, “काय माहीत, ताई.” त्यांनी वजनकाट्यावर संशय घेतला, तो नेपियर टाउनात नेऊन तपासून आणला. आता त्या स्वतःच्या अभ्यासावरच संशय घेतात. सोमवारच्या बैठकीत प्रयोग बंद होऊन त्यांची मुदतवाढही नामंजूर होणार, असे कळते. काल टेबलाचा खण रिकामा करताना पुस्तके बांधायला त्यांनी दोरी मागितली, तीही माझ्याकडेच. मी दिली. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

४. तरी बैठकीपूर्वी अहवाल मागे घ्यावा, मॅडमना मुदत द्यावी व शिक्षा मला करावी. हा अर्ज त्यांना दाखवावा. तोंडाने सांगण्याची माझी हिंमत नाही. पुढील प्रयोगात बिनपावडरच्या सहाजणींना भिंतीपलीकडे बांधावे, म्हणजे शेजारचे वाढप त्यांना दिसणार नाही. भिंत मंजूर न झाल्यास गोणपाटाचा पडदा मी शिवून देईन.

५. वाढपाचे काम मात्र मला देऊ नये. पश्चात्ताप खरा आहे, साहेब. तरीही सात नंबरने माझ्याकडे मान वळवली, तर मी पुन्हा तेच करीन, हे आजच लेखी देतो.

आपला अपराधी व नम्र,
पुंडलिक ढोमणे
दि. १८ मार्च २०२५

सोबत : पावडरच्या कपाटाची किल्ली.