चार नंबरची खोली

३ फेब्रुवारी, सोमवार
नंदुरबारला पोचले. मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या सुरू होताच शिंकांनी बेजार झाले. रिक्षावाले काका म्हणाले, चार दिवसांत नाक मरेल, मग मजा. सुमेरमल सेठ यांचं मिरचीचं शीतगृह धानोरा रस्त्याला आहे. सहा खोल्या, त्यांचं तापमान आणि दारांची कुलपं एकाच सर्व्हरवर चालतात. त्या सर्व्हरमध्ये दुरून आत शिरण्याची जी सोय असते, तिच्यात खोट निघाली आहे. पासवर्ड न देताही कुणी शिरू शकतं. बाकीच्यांनी कधीच पॅच टाकला, इथे सीझनमुळे राहून गेला. तो टाकून सगळं तपासायचं, माझं पंधरा दिवसांचं काम. राहायच्या खोलीला मोठी खिडकी आहे. कराडला आईला फोन करून सगळं सांगितलं.

४ फेब्रुवारी
सर्व्हर चार नंबरच्या खोलीला लागून आहे. कीबोर्ड चिकट. ऑफिस झाडणाऱ्या छबूबाई रोज सकाळी तो पदराने पुसतात आणि शेजारी चहाचा कप ठेवतात. मला वाटलं, माझ्यासाठीच. घोट घेणार तोच वर पांढरी साय दिसली, केसाळ. कप कालचाच होता, एका रात्रीत एवढी बुरशी.

चहा त्यांच्या नवऱ्याचा. हिंमतराव इथले ऑपरेटर. गेल्या वर्षी होळीच्या सुट्टीत चार नंबरमध्ये अडकले. दार आतून उघडत नाही. तिसऱ्या दिवशी सापडले.

त्यांचं खातं सर्व्हरवर अजून चालू आहे, सगळ्या अधिकारांसकट. असली खाती आधी पुसायची असतात. सेठ म्हणाले, मेलेल्या माणसाचं नाव वर्षभर काढत नाहीत, आमच्यात ना त्यांच्यात. छबूबाईंनी माझा हात धरला.

"ताई, वरीस व्हवू द्या. मंग पुसा त्यासनं नाव."

महिनाभराचा तर प्रश्न. मी हो म्हटलं. हात नंतर दोनदा धुतला.

६ फेब्रुवारी
लॉग वाचला. रोज दुपारी चार वाजता हिंमतरावांच्या नावाने बाहेरून कुणीतरी शिरतं आणि चार नंबरचं तापमान अडतीसवर नेतं. दहा मिनिटं. कुठून येतं, ती जागा कोरी.

सेठ म्हणाले, सुरतवाल्या कुणा व्यापाऱ्याची बदमाशी. त्यांना मालाची काळजी. मला बायकांची. नऊ जणी रोज आत जाऊन पोती निवडतात, आणि ज्याच्या हाती तापमान, त्याच्या हाती कुलपंही.

चार नंबरमधलं एक पोतं उसवून पाहिलं. मिरच्या काळ्या, लिबलिबीत, बुरशीने एकमेकींना चिकटलेल्या. मध्ये अळ्या वळवळत होत्या. तो रस मनगटावर सांडला. रात्री भातालाही तोच वास.

७ फेब्रुवारी
पॅच टाकला. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. दुरून शिरायची सोय पूर्ण बंद, नेटची केबलही काढली. चार वाजले, कुणी आलं नाही. सेठनी जिलेबी मागवली. पाकाचा ओघळ पाहून मी डबा पुढे सरकवला.

१० फेब्रुवारी
चार वाजता पुन्हा. तेच नाव.

बाहेरून नाही. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलंय: याच यंत्राच्या कीबोर्डवरून. मी समोर बसले होते. कुणीही हात लावला नाही. पण बटणं ओली झाली होती.

कीबोर्ड उलटा केला. तपकिरी पाणी गळलं. त्यात एक नख. माणसाचं, मुळाशी कातडीसकट.

मी ऑफिसचं दार लावून घेतलं. जो कुणी येतो, तो तेव्हा बाहेर होता की आत, हे पाहिलंच नाही.

११ फेब्रुवारी
सेठना सांगितलं, आज नाव पुसते. वर्षाची वाट पाहणार नाही. छबूबाई रडल्या नाहीत. कप विसळला.

पुसलं जात नाही. स्क्रीनवर एकच ओळ: हा वापरकर्ता सध्या काम करत आहे.

बटणं मऊ लागतात. हिरड्यांसारखी —

जेवले नाही.

१२ फेब्रुवारी, चारनंतर
चार नंबरचं कुलूप पडलं. छबूबाई आत. सडलेली पोती काढायला गेल्या होत्या — एकट्याच. बायका दार बडवत होत्या, पहार वाकली. आतून आवाज येईना. तापमान खाली, खाली —

माझं खातं चालेना. स्क्रीनवर हिंमतरावांचं नाव आधीच भरलेलं. फक्त एक बटण दाबायचं होतं. मी त्यांच्या नावाने आत जायचं —

दाबलं. बोट आत गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत. ऊबदार. कुणाच्या तरी तोंडात घातल्यासारखं. आतून काहीतरी चोखत —

ओकले. दार उघडलं.

पाच वाजता
डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा धुतला, तीनदा, फिनाइलने. वास जात नाही. नखं सैल —

छबूबाई सुखरूप आहेत. बाहेर आल्या, सगळ्या बायकांना ओलांडून थेट माझ्याकडे. डोक्यावर पदर घेतला. वर न बघता, नवरा परत आल्यावर विचारावं तशा हळू आवाजात —

"उनात का? चाला घर."

मी सांगणार होते, मी रंजिता. तोंडातून निघालं ते माझं नव्हतं. त्या लाजल्या.

बाहेर उभ्या आहेत. थांबल्या आहेत. पेन डाव्या हातातून उजवा ओढून घेतो — घट्ट — नाही — माझं नाव रंजिता, कराडची, माझं नाव — मन्हं नाव हिं